‘हस्तनिर्मित’ वस्तऱ्यापायी ३४८ डॉलर आणि एक जुना सोलिंगेन घालवला

जुने कारखानी वस्तरे म्हणजे यंत्रातून ढिगाने काढलेला माल, खरा वस्तरा एकाच कारागिराच्या ऐरणीवर घडतो, असे विक्रेत्याने मला पहिल्याच पत्रात लिहिले होते. मला ते पटले. खिळ्याजवळ मुठीला केसाएवढी चीर असलेला, पण धारेला अस्सल असा माझा ५/८ इंच रुंद पात्याचा, जर्मनीतल्या सोलिंगेन या पात्यांसाठी नावाजलेल्या शहरातला वस्तरा मी ९० डॉलर किंमत धरून त्याला दिला, वर रोख ३१० डॉलर आणि टपालाचे ३८ मोजले. बदल्यात आलेला ‘हाताने घडवलेला दमास्कस वस्तरा’ हाताने घडवलेला नव्हता आणि दमास्कसही, म्हणजे निरनिराळ्या पोलादांचे थर जोडून नक्षी उमटवलेला, नव्हता.

छायाचित्रांत सगळे दिसत होते, हेच जिव्हारी लागते. पात्याच्या दोन्ही अंगांवर लाटांची नक्षी होती, पण पाठीची जाड कड कोरी, पांढरीफट्ट होती. निरनिराळ्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव केलेले असतील तर ते आरपार जातात आणि पाठीवरही दिसतातच. (पाठीचे छायाचित्र आधी मागा; टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.) त्याहून वाईट म्हणजे त्याच्याच दुसऱ्या एका वस्तऱ्यावर, टोकापासून तेवढ्याच अंतरावर, डोळ्याच्या आकाराचा तोच भोवरा होता. मी दोन्ही छायाचित्रे मोठी करून शेजारी ठेवली, भोवऱ्यावर बोटही ठेवले, आणि दोन्ही पाती एकाच लगडीतून काढली असतील अशी स्वतःची समजूत घातली. एका लगडीतली पातीसुद्धा इतकी जुळी निघत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

मी नवशिका नाही. अकरा वर्षे उघड्या वस्तऱ्यानेच दाढी करतो. शिवाय किंमत कमी करायला त्याने साफ नकार दिला होता, आणि भामटा असता तर लगेच तयार झाला असता, असे कोणालाही वाटले असते.

वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरच धारेचा कोन ठरतो. मी धारेवर मार्करची शाई लावून पाते दगडावर फिरवले तेव्हा टाचेकडची, म्हणजे मुठीजवळची, शाई पुसली गेली आणि टोकाकडची तशीच राहिली. धार लावणाऱ्याने ४५ डॉलर घेऊन सांगितले की पाणी देताना, म्हणजे तापवलेले पाते बुडवून कठीण करताना, त्याला पीळ पडला आहे आणि तो आता निघणार नाही. दगडावर नक्षीही पुसली गेली. घासल्यावर अस्सल नक्षीसुद्धा फिकी पडते, हा विक्रेत्याचा बचाव खरा आहे. पण अस्सल पाते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवले की साधे पोलाद काळवंडते, निकेलयुक्त थर उजळ राहतात आणि नक्षी परत उमटते. माझे पाते सगळीकडे सारखेच राखाडी झाले.

तक्रारीचा अनुभव याहून कडू आहे. ज्या बाजारमंचावर व्यवहार झाला त्याने कळवले की वस्तू ‘वर्णनाप्रमाणे वस्तराच’ आहे. बँकेने अधिकृत तज्ज्ञाचा दाखला मागितला; तो कोणाकडून आणायचा, या प्रश्नाला तीन पत्रांनंतरही उत्तर आले नाही, आणि चौथ्या पत्राला मुदत संपल्याचे उत्तर मात्र तत्परतेने आले. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याने सगळे ऐकून विचारले, “वस्तरा मागितला होता, वस्तरा मिळाला, मग फसवणूक कुठे झाली?” सोलिंगेन या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, ते वाटेल त्या पात्यावर ठोकता येत नाही, ‘हस्तनिर्मित’ या शब्दाला मात्र कोणी वाली नाही, हे मी त्यांना समजावत राहिलो आणि ते घड्याळाकडे पाहत राहिले. (पैसे देण्यापूर्वीचा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा, आणि ‘थर घडवून जोडलेले पोलाद’ असे विक्रेत्याकडून लेखी घ्या; माझ्याकडे ते नव्हते.)

ज्याला मी कारखानी म्हणून कमी लेखले, त्या सोलिंगेनच्या पात्यांची घासाई हा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वतंत्र व्यवसाय होता. पात्याची दोन्ही अंगे खोलगट करणारा घासणारा ते हातात धरूनच चाकावर टेकवत असे.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याच्या यादीत खिळ्याजवळ केसाएवढी चीर असलेला एक ५/८ इंची वस्तरा दिसला. वर्णन होते, ‘जुन्या कसबी कारागिरांनी हाताने घासलेला, दुर्मीळ’. किंमत २६० डॉलर.