वेठबिगारीचा माल अडवणारे दोन कायदे: आधी तयारी अमेरिकेची करावी की युरोपची?

सोलापूरचा टेरी टॉवेल अमेरिकेलाही जातो आणि युरोपलाही जातो. माग तेच, सूत तेच, विणणारे हातही तेच. मात्र हा टॉवेल सक्तीच्या श्रमातून बनलेला नाही, हे कोणी, केव्हा आणि कोणत्या पुराव्याने दाखवायचे, याविषयी दोन्ही बाजारांचे कायदे एकमेकांपासून बरेच दूर आहेत. अमेरिकेचा कायदा अंमलात आहे, तर युरोपीय संघाच्या नियमाची अंमलबजावणी १४ डिसेंबर २०२७ पासून ठरलेली आहे. दोन्हींसाठी एकाच वेळी माणसे आणि पैसा लावणे मध्यम निर्यातदाराला जड जाते, म्हणून कोणता कायदा प्रमाण धरून आधी कामाला लागावे, एवढ्यापुरता हा आढावा आहे. त्यात कामगाराचा विचार मी बाजूला ठेवणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती, आणि दोन्ही कायद्यांना जे काही मोल आहे ते त्यांच्यामुळे आहे.

अमेरिकेच्या बंदीचे मूळ १९३० च्या टॅरिफ कायद्यातील कलम ३०७ मध्ये आहे. कैद्यांकडून, सक्तीने किंवा करारात जखडून करवून घेतलेल्या श्रमातून पूर्णतः अथवा अंशतः तयार झालेला माल देशात येऊ द्यायचा नाही, असे हे कलम सांगते. कित्येक दशके ते बहुतांशी कागदावरच राहिले, कारण ज्या वस्तूचे उत्पादन अमेरिकेत गरजेपुरते होत नाही, तिला या बंदीतून सूट होती. ती पळवाट फेब्रुवारी २०१६ मध्ये बुजवली गेली आणि तेव्हापासून अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या आदेशांना धार आली. एखाद्या उत्पादकाविषयी संशयाला वाजवी आधार आहे असे खात्याला वाटले, तरी त्याचा माल बंदरातून सोडू नये असा आदेश निघू शकतो. त्यासाठी आरोप सिद्ध व्हावा लागत नाही. आयातदाराला पुरावे देण्यासाठी तीन महिने मिळतात, अथवा माल दुसऱ्या देशाकडे वळवण्याची मुभा असते. पुढे संशय पक्का ठरला, तर येणारा माल जप्तीला पात्र होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये संमत होऊन २१ जून २०२२ पासून लागू झालेला उइगर सक्तीश्रम प्रतिबंधक कायदा याहून कडक आहे. चीनच्या शिंच्यांग प्रांतात, म्हणजे उइगर समाजाच्या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात, पूर्णतः वा अंशतः बनलेला, किंवा सरकारी यादीतील कंपन्यांनी बनवलेला माल सक्तीच्या श्रमातूनच आलेला आहे, असे हा कायदा गृहीत धरतो. ही यादी २०२२ मध्ये वीसच कंपन्यांची होती; जानेवारी २०२५ पर्यंत ती १४४ वर पोहोचली. या गृहीतकातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिल्या वाटेने जाणारा मान्य करतो की माल शिंच्यांगशी जोडलेला आहे, पण त्यात सक्ती नव्हती, हे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने दाखवतो. ही वाट इतकी अरुंद आहे की व्यवहारात तिचा विचार न केलेलाच बरा. दुसऱ्या वाटेने जाणारा दाखवतो की मालाचा त्या प्रांताशी आणि त्या यादीशी काहीच संबंध नाही. भारतीय निर्यातदारासाठी हीच वाट कामाची आहे. तिच्यावर लागतात ती कागदपत्रे, शेतापासून बंदरापर्यंत एकही कडी न तुटलेली. माल अडकल्यापासून ती सादर करण्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात.

युरोपीय संघाचा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. त्यात कोणत्याही देशाचे वा प्रांताचे नाव घेऊन गृहीतक बांधलेले नाही. सक्तीच्या श्रमातून बनलेला माल युरोपात आणायचा नाही, तिथे विकायचा नाही आणि तिथून बाहेरही पाठवायचा नाही, मग तो सोलापुरात बनलेला असो की खुद्द इटलीत. दुकानातील विक्रीला लागू असलेले सारे इंटरनेटवरील विक्रीलाही लागू आहे. सिद्ध करण्याचा भार चौकशी करणाऱ्या यंत्रणेवर आहे. संघाच्या हद्दीबाहेरची चौकशी युरोपीय आयोग करील, हद्दीतली त्या त्या देशाची यंत्रणा करील. प्राथमिक टप्प्यात कंपनीला उत्तरासाठी ३० कामकाजी दिवस मिळतात आणि पूर्ण चौकशी सुरू झाल्यापासून शक्यतो नऊ महिन्यांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा आहे. कंपनी लहान आहे की मोठी, तिच्याकडे साधने किती आहेत, तिने दोष शोधून दूर करण्यासाठी काय केले, हेही यंत्रणेने पाहायचे आहे. मात्र माहिती दडवली, किंवा कारखान्यात येऊ दिले नाही, तर हाती असलेल्या माहितीवरच निर्णय होऊ शकतो, ही अट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहू. अमेरिकेत माल आधी थांबतो आणि उत्तर नंतर द्यायचे असते. युरोपात प्रश्न आधी येतो आणि माल निर्णयानंतर थांबतो. निर्यातदाराच्या खिशाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. बंदरात अडकलेल्या कंटेनरचे भाडे रोज चढत जाते, ग्राहकाचा हंगाम निघून जातो आणि माल निर्दोष ठरला तरी ते नुकसान कोणी भरून देत नाही. उलट युरोपचा निर्णय उशिरा आला तरी अधिक खोल जातो: माल बाजारातून काढून घ्यावा लागतो, त्याची विल्हेवाट लावावी लागते आणि हा निर्णय संघाच्या सर्व देशांत चालतो. दोषी सुटा भाग वेगळा करता येत असेल तर तेवढाच काढावा लागतो, अशी सवलत तिथे आहे. पण टॉवेलमधून दोन धागे काढून दाखवता येत नाहीत, त्यामुळे वस्त्रोद्योगाला तिचा उपयोग नाही. अमेरिकी कायद्यात तर दोषी अंश अगदी थोडा असला तरी सूट नाही.

कॅनडाने जुलै २०२० पासून अशी बंदी घातलेली आहे आणि २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना वार्षिक अहवालही सक्तीचा केला आहे. ब्रिटनचा २०१५ चा कायदा मोठ्या कंपन्यांकडून केवळ निवेदन मागतो, माल अडवत नाही. या दोन बाजारांसाठी वेगळी तयारी करण्याची गरज मला वाटत नाही.

कामगाराच्या हातात प्रत्यक्ष काय पडते, या कसोटीवर मात्र अमेरिकेचा कायदा आजवर अधिक परिणामकारक ठरला आहे, हे मान्य केले पाहिजे. मलेशियातील रबरी हातमोजे बनवणाऱ्या टॉप ग्लव्ह या कंपनीवर जुलै २०२० मध्ये असा आदेश निघाला. नेपाळ, बांगलादेश अशा देशांतून आलेल्या तिच्या कामगारांनी नोकरी मिळवण्यासाठी दलालांना मोठ्या रकमा दिल्या होत्या आणि ते कर्ज फेडण्यासाठी ते राबत होते. आदेशानंतर कंपनीने सुमारे १३ कोटी ६० लाख रिंगिट कामगारांना परत केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. भारतातले उदाहरण तमिळनाडूतील दिंडिगुलचे आहे. तिथल्या एका कपडे कारखान्यावर जुलै २०२२ च्या अखेरीस आदेश निघाला. पण त्याआधीच, एप्रिलमध्ये, स्त्री-कामगारांची संघटना, उत्पादक आणि मोठे विदेशी ब्रँड यांच्यात छळ व हिंसा रोखण्याचा करार झालेला होता. सुधारणा आधीच सुरू असल्याचे दाखवता आल्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच आदेश शिथिल झाला. आदेश सुटण्यास एरवी वर्ष-दीड वर्षही लागते. इथे सहा आठवडे पुरले. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याने या दोन प्रकरणांतील वेळेचा फरक नीट ध्यानात घ्यावा.

एवढे पाहून कोणी म्हणेल, मग आधी अमेरिका, हे उघड आहे. कच्च्या मालापुरते ते खरे आहे. टॉवेलची एक फाइल उघडून पाहिली म्हणजे का ते कळते. जिनिंगची पावती असते, तिच्यावर गासड्यांचे क्रमांक असतात. सूतगिरणीच्या बिलावर लॉट क्रमांक असतो, पण तो लॉट कोणत्या गासड्यांतून निघाला हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते, कारण गिरणी दर्जा सारखा राहावा म्हणून निरनिराळ्या ठिकाणचा कापूस मिसळते. पुढे रंगाईला माल चलनावर जातो. चलनावर किलो असतात, लॉट क्रमांक नसतो. एखाद्या महिन्यात सूत कमी पडले म्हणून व्यापाऱ्याकडून चार पेट्या उचलल्या जातात आणि त्या आधीच्या सुतासोबत एकाच बीमवर चढतात. कापूस सारा विदर्भाचा असेल, त्यात शंका घ्यायला जागा नसेल, तरी या चार जागी कडी तुटलेली असते आणि अमेरिकी अधिकाऱ्याला विश्वास नको असतो, कागद हवा असतो. हे दुरुस्त करायला एक अख्खा कापूस हंगाम लागतो, कारण गेलेल्या महिन्यांची कडी मागाहून जोडता येत नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र मी युरोपचा नियमच प्रमाण धरायला सांगेन. उइगर कायद्याखालची सारी धावपळ माल कुठून आला याभोवती फिरते. आपल्या कारखान्यातील कामगार मोकळा आहे का, हा प्रश्न कागदांच्या त्या गठ्ठ्यात कोणी विचारत नाही. युरोपच्या चौकशीत तोच प्रश्न मध्यभागी असेल, आणि अमेरिकेचे जुने कलम ३०७ वापरले गेले तर तिथेही तोच पुढे येईल. त्याचे उत्तर लॉट क्रमांकात सापडत नाही, ते उचलीच्या वहीत सापडते. गेल्या वर्षी मी चाळलेल्या एका वहीत नाव, रक्कम, तारीख आणि अंगठा, असे चारच रकाने होते. किती फिटले आणि किती उरले, याचा रकानाच नव्हता, आणि दोन नावांपुढे तीन वर्षांत तीनदा नवी रक्कम चढवलेली होती. मालकाच्या मनात वाईट काही नसेलही. पण बाकी किती हे ज्याला कळत नाही, तो माणूस दुसरीकडे कामाला जाऊ शकत नाही, आणि बाहेरचा चौकशी अधिकारी याला कर्जबांधिलकी म्हणेल. मला वाटते, तो बरोबरच म्हणेल.

आपल्याला हे नवे नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडून एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, घेतलेली उचल हंगामात फिटली नाही की पुढच्या हंगामाला त्याच टोळीत जावे लागते, हे बीडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. साखर घालून बनणारे खाद्यपदार्थ निर्यात करणाऱ्यांनीही म्हणून हा आढावा आपल्यासाठी समजावा. आपला स्वतःचा कायदाही मवाळ नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली, १९७६ च्या कायद्याने बांधील मजुराचे कर्ज रद्द ठरवले, आणि १९८२ मध्ये एशियाड स्पर्धेच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देऊन करून घेतलेले काम सक्तीचेच ठरते असे सांगितले. ही कसोटी मनापासून पाळणाऱ्या कारखान्याला युरोपच्या चौकशीला घाबरण्याचे कारण नाही.

म्हणून माझा सल्ला एका बाजाराची निवड करण्याचा नाही, कामाची विभागणी करण्याचा आहे. ज्याचा निम्म्याहून अधिक माल अमेरिकेला जातो, त्याने पहिला पैसा सुताच्या कागदांवर खर्च करावा. ज्याचा माल मुख्यतः युरोपला जातो, त्याने उचल, भरतीची दलाली, ओव्हरटाइम आणि वसतिगृहाच्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे असतात, इथून सुरुवात करावी. दोन्हीकडे सारखा माल जाणाऱ्याने दुसरे काम आधी घ्यावे, कारण त्याला खर्च कमी लागतो आणि कापसाच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही: प्रत्येक कामगाराला बाकीचा आकडा मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा त्याची जी भाषा असेल तिच्यात लिहून द्यावा, मागील फेड तपासून जास्त कापलेले परत करावे, आणि उचल बाकी असली तरी नोकरी सोडता येते हे त्याच कागदावर सहीनिशी नमूद करावे.

डिसेंबर २०२७ मध्ये युरोपातील दुकानात मांडला जाणारा टॉवेल ज्या कापसाचा असेल, त्यातील बराचसा २०२६ च्या दिवाळीनंतर जिनिंगला येणारा आहे. सूतगिरणीशी त्या हंगामाचा व्यवहार ठरवताना गासड्यांचे क्रमांक सुताच्या बिलावर उतरवून देण्याची अट लेखी घालावी. गिरणी नाही म्हणाली, तर दुसरी गिरणी शोधायला तोवर वेळ आहे.