आयोवाची शेती: दोनच पिकं की चार वर्षांची फेरपालट?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एप्रिलमधे गाडीने जाताना मैलोन् मैल नुसती काळी उघडी जमीन दिसते, कारण एक वर्ष मका एक वर्ष सोयाबीन, मधे काहीच नाही. ही पद्धत सोपी आहे हे मान्य, मशिनरी तीच, विकायला एलिव्हेटर (धान्य खरेदी करून साठवणारं कोठार) जवळ, पीक विम्याच्या हप्त्याला सरकारी सबसिडी. पण शेताखालून निचऱ्याचे पाइप टाकलेत ना, पावसात जमिनीतलं, खतातलं नायट्रेट (पाण्यात विरघळणारं नायट्रोजनचं रूप) बरंचसं त्यातूनच ओढ्यात आणि पुढे नदीत जातं. आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनला, पाण्यातलं नायट्रेट काढायला वेगळा प्लांट चालवावा लागतो, आणि 2025 च्या जूनमधे तर नायट्रेट काढून पुरेसं पाणी देता येईना म्हणून लोकांना लॉनला पाणी घालायलाच बंदी केली होती. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम (त्यातला नायट्रोजन मोजून), त्याहून जास्त तान्ह्या बाळांना धोक्याचं, आणि घरात तान्हं बाळ असेल तर हा आकडा साधा वाटत नाही हो!

दुसरीकडे मका, सोयाबीन, मग ओट्ससोबत लसूणघास, चौथ्या वर्षी नुसती लसूणघास, शिवाय शेणखत. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने मार्सडन फार्मवर हे वर्षानुवर्षं करून बघितलंय, रासायनिक खत आणि तणनाशक खूपच कमी लागलं आणि नफा जवळपास तेवढाच. लसूणघास हवेतला नायट्रोजन धरते आणि मुळं खोल जातात म्हणून.

मेहनत जास्त आहे, गुरं लागतात, ओट्सला गिऱ्हाईक शोधावं लागतं. तरी मला दुसरीच पटते, फक्त सबसिडी तिकडे वळवायला हवी, सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर नको.