वर्षभराची मार्गदर्शक रोजनिशी: रात्रीचे पान मोलाचे, गुणांचे रकाने अनावश्यक

रोज थोडे लिहावे, लिहिता लिहिता स्वतःकडे नीट पाहावे आणि त्यातून जगणे अधिक समंजस व्हावे, या हेतूने तयार केलेल्या मार्गदर्शक रोजनिश्या आता पुष्कळ मिळतात. त्यांतील एका संचाचा वापर मी बराच काळ नियमितपणे करत असून, अशी वही घ्यावी की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. संचात चार वह्या आहेत, प्रत्येक वही तीन महिन्यांची. दर दिवसासाठी समोरासमोरची दोन पाने आहेत: डावीकडे सकाळचे, उजवीकडे रात्रीचे. त्याखेरीज सवयींचा एक तक्ता, दर महिन्याला मनातल्या जुन्या ओझ्याविषयी एक पान आणि प्रत्येक वहीच्या शेवटी मागे वळून पाहण्यासाठी काही पाने दिली आहेत.

बांधणीविषयी तक्रार नाही. शिलाई पक्की असल्याने वही टेबलावर पूर्ण उघडी राहते आणि शाईच्या पेनाने लिहिले तरी मागच्या बाजूला डाग उमटत नाहीत. पानांवर तारखा छापलेल्या नाहीत, ही गोष्ट वरवर किरकोळ असली तरी महत्त्वाची आहे. कारण आजारपणात किंवा धावपळीत चार दिवस लिहिणे राहून गेले, तर छापील तारखेखालची रिकामी पाने माणसाला अपराधी वाटायला लावतात, आणि पुष्कळांची रोजनिशी तिथेच कायमची बंद होते.

या संचाचे खरे सामर्थ्य रात्रीच्या पानात आहे. तिथे तीनच प्रश्न आहेत. आज कोणाशी वागताना माझे चुकले, कोणत्या क्षणी मला स्वतःला आवरता आले, आणि हाच प्रसंग उद्या पुन्हा आला तर मी नेमके काय करणार. या प्रश्नांची परंपरा फार जुनी आहे. इसवी सन ६५ मध्ये मृत्यू पावलेल्या सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने क्रोधाविषयी लिहिताना स्वतःचा रात्रीचा परिपाठ सांगितला आहे. दिवा मालवला गेला आणि त्याची सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली, की तो सबंध दिवस मनात पुन्हा उलगडत असे आणि आपले बोलणे-वागणे तपासत असे. स्वतःपासून काहीही लपवायचे नाही हा त्याचा नियम होता. मात्र ही झडती घेताना तो स्वतःला झोडपत नाही. या वेळी तुला माफ केले, पुन्हा असे करू नकोस, अशा आशयाचे तो स्वतःलाच बजावतो. वही तयार करणाऱ्यांनी हा सूर बरोबर पकडला आहे. तीन प्रश्नांपैकी एकच चुकीविषयी आहे, एक जमलेल्या गोष्टीविषयी आहे आणि तिसरा पुढच्या वेळेविषयी, त्यामुळे लिहिणारा पश्चात्तापातच अडकून पडत नाही.

प्रश्नांची रचना माणसाला तपशिलाकडे नेते, हा या पानाचा आणखी एक गुण. समजा, एखादीने पहिल्या प्रश्नाखाली ‘आज चिडचिड झाली’ एवढेच लिहिले, तर त्यातून काहीच हाती लागत नाही. पण ‘कोणाशी’ या शब्दामुळे तिला प्रसंग आठवावा लागतो. मग ती लिहिते, ‘दुपारी सहकाऱ्याने हिशेबातली चूक दाखवली, तेव्हा त्याचे वाक्य संपायच्या आत मी उत्तर दिले.’ आता दोष स्वभावावर जात नाही, एका कृतीवर येतो. आणि स्वभाव बदलणे कठीण वाटले तरी समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे उद्याच करून पाहता येते. तिसरा प्रश्न नेमके तेच लिहून घेतो: अमुक घडले, तर मी तमुक करीन. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेल्या संशोधनाचा आशय हाच आहे, की नुसत्या इच्छेपेक्षा ‘जर असे झाले, तर मी असे करीन’ या स्वरूपात आधीच ठरवलेली गोष्ट प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता जास्त असते. वहीत त्यांचे नाव कुठेही नाही आणि त्याची गरजही नाही. प्रश्नच इतका नेमका आहे की तो आपले काम करतो.

एक सुधारणा मात्र मनापासून सुचवावीशी वाटते. स्वतःविषयी ‘मी, मी’ करत लिहिताना मन त्याच त्या गोष्टीभोवती फिरत राहण्याचा धोका असतो, विशेषतः अपमान किंवा भांडण ताजे असताना. इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की तणावाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेऊन स्वतःशी बोलणाऱ्यांना त्या प्रसंगाकडे थोड्या अंतरावरून पाहता आले आणि त्यांची अस्वस्थताही कमी राहिली. रात्रीच्या पानावर ‘जड गेलेल्या दिवशी स्वतःचे नाव लिहून उत्तर द्या’ एवढी बारीक टीप छापली असती, तरी अनेकांची रात्र सुसह्य झाली असती.

सकाळचे पान त्या मानाने दुबळे आहे. त्याचा पाया एपिक्टेटसच्या विचारावर आहे. गुलाम म्हणून जन्मलेल्या आणि पुढे तत्त्वज्ञानाचा मोठा शिक्षक झालेल्या या माणसाची मूळ शिकवण अशी, की काही गोष्टी आपल्या हाती असतात आणि काही नसतात. आपले निर्णय, आपली धडपड आपल्या हाती, तर शरीर, मालमत्ता, लौकिक आपल्या हाती नाहीत. पानावर त्यानुसार दोन रकाने आखले आहेत. कल्पना उत्तम आहे आणि ऐन संकटात ती मोठा आधारही देते, परंतु रोजच्या व्यवहारातल्या बहुतेक चिंता या दोन रकान्यांत सरळ बसत नाहीत. मुलाचा अभ्यास, वृद्ध आईची तब्येत, जोडीदाराशी वाढलेला दुरावा या बाबी पूर्णपणे आपल्या हाती नसतात, पण त्यांवरून हात झटकून मोकळे होणेही योग्य नसते. मधला एक रकाना हवा होता: यातला माझा वाटा कोणता. तो नसल्याने घाईच्या सकाळी माणूस अवघड गोष्टी ‘हाती नाही’ या बाजूला ढकलून देतो आणि त्यालाच मनःशांती समजू लागतो. एपिक्टेटसला हे खचितच अभिप्रेत नव्हते, कारण मुलगा, भाऊ, नागरिक म्हणून असलेली कर्तव्ये नीट पार पाडण्यावर त्याचा मोठा भर होता.

याच पानाच्या तळाशी ‘आज मी कोणकोणत्या गोष्टींसाठी कृतज्ञ आहे’ असा प्रश्न असून त्याखाली पाच ओळी आहेत, आणि त्या रोज भरायच्या आहेत. कृतज्ञतेच्या नोंदींचा उपयोग होतो याला आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्युलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, अशा नोंदी ठेवणाऱ्यांची मनःस्थिती त्रासदायक गोष्टी नोंदवणाऱ्यांपेक्षा चांगली आढळली होती. मात्र सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या निष्कर्षांत, सहा आठवड्यांच्या काळात आठवड्यातून एकदा नोंद करणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा करणाऱ्यांना तो झाला नाही. वही वापरताना याचे कारण आपोआप कळते. पहिल्या पंधरवड्यात मनापासून आठवून लिहिलेल्या गोष्टी पुढे ठरावीक होतात. कुटुंब, आरोग्य, छप्पर हे शब्द हात सवयीने लिहून जातो आणि मन तिथे नसतेच. हा प्रश्न आठवड्यातून एकदाच विचारावा, आणि पाच ओळींऐवजी एकाच माणसाच्या एकाच कृतीविषयी सविस्तर लिहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सवयींच्या तक्त्याविषयी मला सर्वांत जास्त आक्षेप आहे. त्यात प्रत्येक सवयीसमोर २१ चौकोन आहेत आणि वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘साखळी तुटू देऊ नका.’ २१ दिवसांचा हा समज बहुधा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० सालच्या लेखनातून पसरला असावा. त्यांनी आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात असे निरीक्षण नोंदवले होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याची गोष्ट व्यायामाला, वाचनाला, पहाटे उठण्याला लावली गेली. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला आणि त्याचा मध्यांक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त दिवस लागले तो आकडा, ६६ दिवसांचा होता. त्याच अभ्यासात असेही दिसले, की मधली एखादी वेळ चुकली म्हणून सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही. म्हणजे या तक्त्याने दिलेली मुदतही चुकीची आहे आणि घातलेली भीतीही अनाठायी आहे. जो माणूस बाविसाव्या दिवशीही पहाटे उठताना झगडतो, त्याला हा तक्ता नापास ठरवतो. वास्तविक त्याचे सारे काही योग्य मार्गानेच चाललेले असते.

दिवसाला एक ते दहा गुण देण्याचा रकानाही मला अनावश्यक वाटतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून काढलेला दिवस सुखाचा नसतो, तरी तो चांगला असू शकतो. एका आकड्यात हे दोन्ही मावत नाही.

मनातल्या ओझ्याविषयीच्या मासिक पानाबाबत अधिक काळजी घ्यायला हवी होती. ‘जी गोष्ट तुम्ही कोणालाही सांगितली नाही, ती इथे लिहा’ असे तिथे म्हटले आहे आणि पुढे जेमतेम आठ ओळी सोडल्या आहेत. लेखनाने मन हलके होते या कल्पनेमागे जेम्स पेनबेकर आणि सॅन्ड्रा बील यांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे, ज्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांविषयी लिहिले होते. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना असे दोन्ही लिहिणाऱ्या गटाच्या पुढील काही महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या, पण लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांची मनःस्थिती अधिक खालावलेली होती. आठ ओळींत जखम उघडी होते आणि ती बांधण्याआधीच पान संपते. या पानापूर्वी दोन गोष्टी ठळकपणे सांगणे आवश्यक होते: लिहिल्यानंतर काही वेळ जड जाणे स्वाभाविक आहे, आणि लिहूनही मन सावरत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून विश्वासातल्या माणसाशी आणि तज्ज्ञाशी बोलावे. सध्या अशी सूचना शेवटच्या पानावर बारीक टाइपात आहे, जिथे ती कोणी वाचत नाही.

हा संच सर्व वयांसाठी असल्याचे वेष्टनावर म्हटले आहे, पण आतील प्रश्न तिशीतल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेले आहेत हे लवकरच जाणवते. ‘पाच वर्षांनी तुम्ही कुठे पोहोचलेले असाल’, ‘तुमचे पुढचे मोठे ध्येय कोणते’ हे प्रश्न नोकरीच्या सुरुवातीला योग्यच आहेत. एरिक एरिक्सन यांनी मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडताना मध्यम वयात पुढच्या पिढीसाठी काही करण्याची ओढ आणि उतारवयात आपल्या सबंध आयुष्याशी समेट करण्याची गरज अधोरेखित केली होती. लॉरा कार्स्टनसेन यांच्या संशोधनाचा रोखही असाच आहे: पुढे उरलेला काळ मर्यादित असल्याची जाणीव झाली, की माणसे नव्या ओळखी आणि नवी माहिती गोळा करण्यापेक्षा जवळच्या, अर्थपूर्ण नात्यांना अधिक महत्त्व देऊ लागतात. सत्तरीतल्या वाचकाला पुढच्या ध्येयापेक्षा ‘कोणाशी बोलायचे राहून गेले आहे’ हा प्रश्न अधिक जवळचा वाटेल. चार वह्यांपैकी एखादी तरी अशा प्रश्नांसाठी राखून ठेवता आली असती.

वहीच्या शेवटची मागे वळून पाहण्याची पाने मात्र पुन्हा त्याच उंचीची आहेत, जी रात्रीच्या पानाने गाठली आहे. तिथे नव्याने काही लिहायचे नसते. तीन महिन्यांच्या रात्रीच्या नोंदी सलग वाचायच्या आणि पुन्हा पुन्हा येणारी माणसे, वेळा व प्रसंग केवळ खुणेने दाखवायचे. असे वाचताना जे दिसते ते एका दिवसाच्या नोंदीत कधीच दिसत नाही. बहुतेक चुका एकाच माणसाशी, दिवसाच्या एकाच वेळी, उपाशीपोटी किंवा अपुऱ्या झोपेनंतर घडलेल्या असतात. आणि मग उपाय मोठ्या निश्चयात शोधण्याऐवजी ते संभाषण दुसऱ्या वेळी करण्यात सापडतो.

ज्यांना रोज दहा-पंधरा मिनिटांचा निवांतपणा मिळतो आणि जे छापील सूचना मोडण्याचे स्वातंत्र्य घेऊ शकतात, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. सवयींचा तक्ता कोरा ठेवावा, कृतज्ञतेच्या ओळी आठवड्यातून एकदाच भराव्यात, सकाळच्या पानावर तिसरा रकाना स्वतः आखावा. जे सध्या फार खचलेले आहेत त्यांनी मासिक पान एकट्याने लिहू नये. आणि प्रकाशकांना एक विनंती: पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावरची ‘माझे अंतरंग’ ही सोनेरी अक्षरे काढून टाकावीत, कारण घरातल्या टेबलावर पडलेल्या अशा वहीत खरे लिहायला कोणीही बिचकेल, साध्या, निनावी पुठ्ठ्याच्या वहीत माणूस अधिक मोकळेपणाने लिहितो.