ऑक्टेव्हिया आरएसचे बजेटमधले टायर : दहा महिने आणि साडेअकरा हजार किलोमीटर चालवल्यानंतर

माझ्याकडे २०१८ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३० आहे, सेकंडहँड घेतलेली. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, डिकीत आंब्याच्या पेट्या आरामात मावतात. पण बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, २३० पीएस आणि ३५० एनएमचं, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरते. टायर धड नसतील तर या गाडीतलं बाकी सगळं फुकट. हे मी आज ठामपणे लिहिते आहे, पण गाडी घेतल्यावर पहिलं वर्षभर मला ते कळलं नव्हतं.

आई-बाबा माणगावला असतात, मी पुण्यात. पंधरा दिवसांतून एकदा ताम्हिणी उतरायची आणि चढायची, हा ठरलेला रस्ता. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोसळला, २६ मेला मान्सून मुंबईतसुद्धा पोहोचला होता. त्याच आठवड्यात बाबांना पुण्याहून घरी सोडायला निघाले. डोंगरवाडी मागे टाकून विळ्याकडे उतरताना एका डाव्या वळणावर स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळलीच नाही, सरळ निघाली. वेग जेमतेम चाळीस. डॅशबोर्डवर ईएससीचा (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकला, क्षणभराने पुढची चाकं पुन्हा रस्त्याला धरली आणि समोरून येणारी एसटी बाजूने निघून गेली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त डावा हात डॅशबोर्डवर टेकवला आणि घर येईपर्यंत तो तिथेच होता.

घरी पोहोचल्यावर छत्री घेऊन चारही टायर नीट बघितले. नक्षी अजून चार मिलिमीटरच्या आसपास शिल्लक होती. नियमाने १.६ मिलिमीटर चालते, म्हणजे कागदावर टायर उत्तम. पण पुढच्या दोन्ही टायरवर डीओटीच्या, म्हणजे टायरच्या भिंतीवर कोरलेल्या उत्पादन-कोडच्या, शेवटी ‘४९१७’ असे आकडे होते, म्हणजे २०१७ सालचा एकोणपन्नासावा आठवडा. साडेसात वर्षांचं रबर. नख रोवून बघितलं तर खूणही उमटत नव्हती, आणि बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. गाडी घेताना मी नक्षी बघितली होती, तारीख नाही. नक्षी पाणी बाहेर फेकते हे खरं, पण रस्त्याला धरून ठेवतं ते मऊ रबर, आणि ते वर्षांगणिक कडक होत जातं.

मग शोधाशोध सुरू झाली. या गाडीचा साइझ २२५/४५ आर १७ : रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं मिशलिन पायलट स्पोर्ट ४ चं, आणि ते योग्यच आहे. मित्राच्या गाडीला तेच आहेत, मी ती चालवली आहे, स्टिअरिंगला जो नेमकेपणा येतो तो बाकी कशालाच येत नाही. पण मला सांगितलेल्या भावात चार टायरचे सत्तर हजारांच्या वर जात होते. शिवाय जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ (म्हणजे परवाना घेऊनच आणता येणाऱ्या) यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरून येणारे परफॉर्मन्स टायर हवे त्या साइझमध्ये, हवे तेव्हा मिळतीलच असं नाही. दुकानदार म्हणतो ‘आठ दिवसांत मागवतो’, आणि येतो तो दीड वर्ष गोदामात पडलेला.

दुसरा सल्ला बऱ्याच जणांनी दिला : २२५/५० टाक, खड्ड्यांत रिम वाचेल. हिशेब करून बघितला. मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६३४ मिलिमीटर, २२५/५० चा ६५७. म्हणजे साडेतीन टक्के मोठा. स्पीडोमीटरचा हिशेब चुकणार, गिअरिंग लांबणार, आणि उंच भिंतीमुळे वळणावर गाडी आधी डोलणार, मग वळणार. ज्या गुणासाठी ही गाडी घेतली तोच घालवून रिम वाचवण्यात मला काही अर्थ वाटला नाही. साइझ तोच ठेवला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मात्र ९१ ऐवजी ९४ चा, ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकारातला घेतला. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. एक्स्ट्रा लोड टायरची बांधणी जास्त मजबूत असते, आपल्या रस्त्यांना ते बरं. स्पीड रेटिंग डब्ल्यू, म्हणजे २७० किलोमीटरपर्यंत. तेवढ्या वेगाने कोण जाणार आहे? पण डब्ल्यू किंवा वायचा टायर उष्णता जास्त सहन करतो, आणि तो मुळात अशाच गाड्यांसाठी घडवलेला असतो.

निवड करताना मी दोनच गोष्टींवर हट्ट धरला. पहिली, ओल्या रस्त्यावरची पकड. युरोपातल्या लेबलवर ती ए ते ई अशी छापलेली असते. आपल्याकडचं बीईईचं (सरकारच्या ऊर्जाबचत विभागाचं) स्टार लेबल इंधनबचतीचं आहे, पकडीचं नाही, त्यामुळे तारे मोजून परफॉर्मन्स टायर घेऊ नका. टायरच्या भिंतीवर यूटीक्यूजी या अमेरिकी प्रतवारीचे शेरे असतात, त्यातलं ‘ट्रॅक्शन’ हे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरच्या पकडीचं माप आहे : एए सर्वांत वरचं, मग ए, बी, सी. त्याच्या शेजारचा ट्रेडवेअर (झिजेचा) आकडा मी ३०० ते ३६० च्या दरम्यान शोधत होते. २०० चा टायर चिकटून बसतो पण भराभर झिजतो, ५०० चा वर्षानुवर्षं टिकतो पण त्याचं रबर या इंजिनाला पुरं पडत नाही. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या टायरची त्यावरून काटेकोर तुलना करता येत नाही, अंदाज तेवढा येतो.

दुसरी गोष्ट तारीख. सहा महिन्यांपेक्षा जुना टायर नको.

शेवटी भारतातच बनलेला एक असममित नक्षीचा (आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी नक्षी असलेला) परफॉर्मन्स टायर घेतला, एका टायरचे १०,४०० रुपये. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझा अनुभव एका साइझचा आणि एका गाडीचा आहे, आणि त्याच नावाचा टायर दुसऱ्या साइझमध्ये वेगळा वागू शकतो. शोधायला अवघड नाही : अपोलो, सिएट, जेके यांच्या वरच्या श्रेणीत बघा, आणि अपोलोने २००९ मध्ये विकत घेतलेल्या व्रेडेस्टाइन या डच कंपनीचे टायरही आता इथे मिळतात.

दुकानाचा प्रसंग सांगायलाच हवा. काका म्हणाले, “ताई, एकदम फ्रेश माल आहे, डोळे झाकून घ्या.” मी म्हटलं, “काका, उघडे ठेवूनच घेते,” आणि खाली बसून चारही टायर फिरवून बघितले. तिघांवर ‘१४२५’, चौथ्यावर ‘३८२३’. पावणेदोन वर्षांचा. काकांनी कुरकुर न करता गोदामातून बदलून आणला. पण खरी चूक घरी आल्यावर सापडली. असममित टायरच्या एका भिंतीवर ‘आउटसाइड’ असं कोरलेलं असतं, ती बाजू बाहेर दिसायला हवी. मागच्या उजव्या चाकावर मला ‘इनसाइड’ वाचता आलं. म्हणजे पाणी काढायच्या रुंद खाचा बाहेर आणि वळणाचा भार घेणारे मोठे ठोकळे आत. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तो उतरवला, पुन्हा चढवला, पुन्हा बॅलन्सिंग केलं. कृपा करून दुकानातून निघण्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारा आणि हा एक शब्द वाचा.

कुणी दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे टाका. पुढची चाकं ओढतात म्हणून नवे पुढे, असं बरेच टायरवाले सांगतात. पण पावसात मागची बाजू सुटली तर सावरायला वेळच मिळत नाही. पुढची सुटली तर निदान पाय उचलून सावरता येतं, माझ्या बाबतीत तेच झालं. मी चारही बदलले, त्यामुळे प्रश्न आला नाही. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी केलं आणि हवा थंड टायरमध्ये ३४ पीएसआय ठेवली. ऑक्टेव्हियात हवेचा दाब चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरून ओळखला जातो, म्हणून टायर बदलल्यावर किंवा हवा भरल्यावर नवा दाब मेनूत जाऊन साठवावा लागतो. नाहीतर इशारा उगाच येतो, किंवा येतच नाही.

पहिले तीनशे किलोमीटर नव्या रबरावर एक निसरडा थर असतो, तेवढे सांभाळून चालवले. मग जुलै आला. ताम्हिणीतला जुलै ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको : रस्त्यावरून लाल पाणी वाहतंय, कडेला शेवाळ, वळणांवर पडलेला पाला, आणि धुक्यात पुढच्या गाडीचा दिवा दहा फुटांवर आल्यावर दिसतो. त्याच डाव्या वळणावर मी त्याच वेगाने गेले. गाडी वळली, बस्स. ईएससीचा दिवा पेटलाही नाही. पूर्ण पावसाळ्यात तो मी तीनदा पाहिला, त्यातल्या दोन वेळा चढावरच्या वळणातून निघताना मीच ॲक्सिलरेटर जास्त दाबला होता. साठलेल्या पाण्यातून जाताना स्टिअरिंग हलकं होण्याचा तो पोटात खड्डा पाडणारा क्षण आता ऐंशीच्या खाली येत नाही.

कोरड्यात मात्र फरक जाणवतो. पायलट स्पोर्टच्या तुलनेत स्टिअरिंगचा पहिला अंश मवाळ आहे, गाडी विचार करून वळल्यासारखी वाटते. पसरणी घाट जोरात चढले तर चार-पाच वळणांनंतर रबर तापतं आणि पुढची चाकं थोडी बाहेर सरकू लागतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी हा टायर घेऊ नये. दुसरा दोष आवाजाचा. पहिले सहा हजार किलोमीटर शांत गेले, आता एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर साठ ते ऐंशीच्या दरम्यान एक घुंकार येतो, फोनवर बोलताना आईला तो ऐकू जातो. जानेवारीत फलटणकडे जाताना उसाच्या ट्रॉल्यांतून पडून चेंगरलेल्या उसाचा चिकट थर रस्त्यावर होता, तिथे ब्रेक लावल्यावर एबीएस लगेच कामाला लागला. तिथे कुठलाही टायर घसरला असता, पण गाडी सरळ थांबली. बायपासवर एका खड्ड्याने रिमला पोक आला, टायरला फुगा मात्र आला नाही. ९४ लोड इंडेक्सचे पैसे त्या दिवशी वसूल झाले.

एक हळहळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि मी जूनमध्ये घेतले होते. पण तो पाऊस जुन्या टायरवर काढायचा नव्हता.

झीज अशी : नवे असताना ७.८ मिलिमीटर. सहा हजारांवर पुढचे मागे, मागचे पुढे केले. आज एका जोडीवर ५.७, दुसऱ्या जोडीवर ६.१. पावसासाठी मी तीन मिलिमीटरला टायर काढणार, १.६ ची वाट बघणार नाही. या वेगाने सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटर निघतील, म्हणजे किलोमीटरमागे साधारण दीड रुपया. याच गाडीत किलोमीटरमागे साडेनऊ रुपयांचं पेट्रोल जळतं.

येत्या शनिवारी पुन्हा पुढचे मागे आणि अलाइनमेंट. रविवारी आंबे आणायला माणगावला निघायचं आहे, बाबा सोबत आहेत.