अब्यूज फिल्टर, आमच्या छोट्या विकीवर सहा महिने वापरून

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा किल्ल्यांचा विकी आहे, मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) चालतो, नेमाने लिहिणारे जेमतेम सात-आठ जण. गेल्या वर्षी कुणीतरी हात धुवून मागे लागलं. शिव्या टाकल्या तर लगेच दिसतात हो, पण हा माणूस साल्हेरची उंची १५६७ मीटरची ५६७ करायचा आणि कोरड्या टाक्यापुढे 'पिण्याचं पाणी बारमाही' लिहून ठेवायचा. त्या भरवशावर एप्रिलच्या उन्हात कुणी चढलं असतं तर? आयपी (नेटवरचा पत्ता) ब्लॉक केला की दुसऱ्या आयपीवरून हजर, आणि मोबाईल नेटचा आयपी एकाच वेळी कितीतरी लोक वापरत असतात त्यामुळे एकदा आमचाच नाशिकचा मेंबर बाहेर राहिला.

आधी क्वेस्टीकॅप्चा लावला, म्हणजे एडिट करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, मराठीतच प्रश्न ठेवला, त्याने बॉट जवळपास बंद झाले. पण माणसाला उत्तर येतंच ना.

मग अब्यूज फिल्टर, म्हणजे प्रत्येक बदल सेव्ह व्हायच्या आधी आपल्या नियमांवर तपासून बघणारी जोडणी. १.३८ आवृत्तीपासून मीडियाविकीसोबतच येतो, फुकट आहे, लोकलसेटिंग्ज या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ टाकायची आणि अपडेट स्क्रिप्ट चालवायची. नियम आपणच लिहायचा. आमचा पहिला नियम असा की ज्याची १० पेक्षा कमी एडिट्स आहेत आणि काढलेल्या ओळीत 'उंची' किंवा 'पाणी' आहे त्याला पकड. सुरुवातीला कारवाई काहीच ठेवली नाही, नुसता लॉग बघितला, आणि बरं झालं, कारण त्यात एक नवीन मुलगी सापडली जी टाकं आटल्याचं स्वतः बघून येऊन लिहीत होती. तिला अडवलं असतं तर ती परत फिरकली नसती. म्हणून आता नवख्याला आधी वॉर्निंग, तरी सेव्ह केलं तर टॅग (बदलावर खुणेची चिठ्ठी), आणि टॅगवाले बदल रोज रात्री कुणीतरी तपासतं. नवीन खात्यावरून 'बारमाही' लिहिलं तर मात्र सरळ अडवतो आणि चर्चापानावर लिहा म्हणून सांगतो.

एक खटकलं. फिल्टर नवीन लिहिला किंवा बदलला की त्यानंतरच्या दिवसभरात दोनपेक्षा जास्त आणि एकूण ५ टक्क्यांहून जास्त बदलांना तो लागला तर आपोआप ब्लॉक करण्यासारखी कडक कारवाई तो स्वतःच थांबवतो. मोठ्या विकीवर ठीक आहे, आमच्याकडे दिवसाला वीस एडिट्स, त्यात तीनच पकडल्या तरी १५ टक्के! ती मर्यादा सेटिंगमध्ये वाढवून घ्याच. रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सांकेतिक भाषा) येणारा एक जण ग्रुपात हवा हेही आहे.

पाचपैकी चार स्टार. फिल्टर प्रायव्हेट ठेवायची सोय आहे ती नक्की वापरा, नाहीतर त्रास देणारा माणूस नियम वाचून पळवाट काढतो. कुणाला आमचा पाण्याचा फिल्टर हवा असेल तर मेसेज करा, इथे सगळ्यांसमोर टाकत नाही.