संत्र्यावरचा रसशोषक पतंग ओळखताना: वाटोळा ठिपका की वाकडा डाग?

आंबिया बहाराची संत्री पिकू लागली की विदर्भातील बागांमध्ये रात्री फळांवर पतंग बसलेले दिसतात. त्यांतला फळ भोसकणारा कोणता, हे ठरवताना बहुतेक जण पुढचे पंख पाहतात आणि तेथेच घोटाळा होतो. यूडोसिमा या वंशातील (जुन्या पुस्तिकांत ‘ओथ्रिस’) पतंगांचे पुढचे पंख वाळलेल्या पानासारखे तपकिरी किंवा हिरवट असतात, नर आणि मादी यांच्या पंखांवरची नक्षीही सारखी नसते आणि पतंग स्वस्थ बसला की मागचे पंख त्यांखाली झाकले जातात. म्हणून पतंग जाळीत धरून पुढचा पंख चिमट्याने अलगद बाजूला सारावा.

खाली भडक नारिंगी पंख दिसला आणि त्याच्या मधोमध जवळजवळ वाटोळा काळा ठिपका असला, तर तो यूडोसिमा मॅटर्ना समजावा. ठिपक्याऐवजी काजूगरासारखा वाकलेला जाड काळा डाग असला, तर यूडोसिमा फॅलोनिया. पंखाच्या कडेचा काळा पट्टा आणि त्यालगतचे पांढरे ठिपके दोन्ही जातींत असतात, शिवाय वय झालेल्या पतंगाची कड झिजलेली असते, त्यामुळे कडेवरून निष्कर्ष काढू नये. याच वंशाच्या आणखी जाती भारतात आढळत असल्याने, डाग या दोहोंशी जुळत नसेल तर ओढूनताणून नाव देण्यापेक्षा छायाचित्र जाणकाराला दाखवणे बरे.

एरंडीवरील उंटअळीचा पतंग, म्हणजे अकिया जनाटा, आकाराने लहान असतो. त्याचा मागचा पंख काळा असून त्यावर पांढरा आडवा पट्टा आणि कडेला मोठे पांढरे ठिपके असतात. नारिंगी रंग मुळीच नसतो. तो बहुधा आधीच पडलेल्या छिद्रातून रस पितो, तर यूडोसिमाची कणखर, दातेरी सोंड धड फळाची साल भेदते.

माझ्या मते बागायतदाराने मॅटर्ना की फॅलोनिया यावर फार वेळ घालवू नये, कारण दोघांच्याही अळ्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढतात आणि बांधावरच्या या वेली काढणे, गळालेली फळे गोळा करून पुरणे हे उपाय दोघांनाही सारखेच लागू पडतात. नारिंगी की काळा, हा फरक मात्र चुकता कामा नये. अकियाच्या अळ्या एरंडीसारख्या झाडांवर पोसल्या जात असल्याने गुळवेल उपटून त्यांचे काहीच बिघडत नाही.