अस्सल चांदी की मुलामा? वाढपाचे जुने डाव-चमचे निवडताना

वाढपाचे चांदीचे जुने डाव आणि मोठे चमचे जमवू लागणाऱ्याला आधी अस्सल चांदी आणि मुलामा यांतून निवड करावी लागते. माझा कौल अस्सल चांदीला आहे, मग संग्रहात एकच डाव असला तरी चालेल.

ब्रिटिश 'स्टर्लिंग' म्हणजे प्रमाणित चांदीत हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असते आणि दांड्याच्या मागचे छाप त्या वस्तूची जन्मपत्रिकाच असतात. चालता सिंह शुद्धतेची खूण, जहाजाचा नांगर म्हणजे तपासणी बर्मिंगहॅम शहरात झाल्याची खूण, एक अक्षर वर्षाचे आणि १७८४ ते १८९० या काळातील बहुतेक वस्तूंवर कर भरल्याची साक्ष म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तक. मुलाम्याच्या वस्तूवर इतकी भरवशाची माहिती सहसा मिळत नाही. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट बर्मिंगहॅमचे कारखानदार एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले. पुढे आत जो 'निकेल सिल्व्हर' सर्रास वापरला गेला, त्यात तांबे, निकेल व जस्त असते, चांदी मुळीच नसते. 'ईपीएनएस' (इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर, म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला मुलामा) ही अक्षरे अनेकदा वेगवेगळ्या चौकटींत अशी ठोकलेली असतात की नवखा त्यांना हॉलमार्क समजतो.

मुलाम्याचा चमचा उलटा धरावा. टेबलावर टेकणाऱ्या फुगवट्यावर पिवळट-करडा धातू दिसला, तर थर झिजला आहे. पुन्हा मुलामा देता येतो, पण त्याआधीच्या घासाईत नाजूक नक्षी बोथट होते.

अस्सल चांदीतही डोळे उघडे ठेवावे लागतात. दांड्यावर फुंकर घालावी; वाफ धरताच खोडलेल्या नावाच्या अस्पष्ट रेषा कधी कधी उमटतात आणि तिथला पत्रा बोटांना पातळ लागतो. अठराव्या शतकातील साध्या चमच्यांच्या वाट्यांवर व्हिक्टोरियन काळात फळे ठोकून उठवलेली आढळतात. ते चमचे देखणे असतात, पण छापावरचे वर्ष त्या नक्षीचे नसते, म्हणून मूळ घडणीच्या चमच्याइतकी किंमत त्यांना देऊ नये.

एकाच नक्षीचा मोठा संच मांडायचा असेल आणि खर्चाला मर्यादा असेल, तर मात्र मुलामा बेलाशक घ्यावा. रोज हाताळायचा डाव अस्सल चांदीचाच असावा, कारण तो झिजला तरी खाली चांदीच निघते.